मुलगी सोरोरिटीच्या घरात, घर विद्यापीठाच्या यादीबाहेर

अंगणवेल

नमस्कार. लांबण लागणार आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती. मला खरंच मार्ग हवा आहे.

आम्ही अमेरिकेत मिडवेस्टात राहतो. लेक इथल्याच एका मोठ्या राज्य विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात काढलं, त्याच वर्षी सोरोरिटीत गेली आणि या ऑगस्टपासून त्यांच्या घरात राहायला लागली. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. सोरोरिटी म्हणजे विद्यार्थिनींची संघटना. नावं ग्रीक अक्षरांची, शाखा देशभर. शाखेला चॅप्टर म्हणतात आणि मोठ्या चॅप्टरचं राहायचं घर असतं. हिच्या घरात ६२ मुली आहेत.

आधी मीच विरोधात होते. ऑगस्टमध्ये सामान लावायला गेले आणि मत बदललं. घर जुनं, विटांचं. खोल्या फक्त अभ्यासाला आणि कपड्यांना. झोपायला सगळ्यात वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन, त्यात दुमजली पलंगांच्या रांगा. त्याला कोल्ड डॉर्म म्हणतात, कारण थंडीतही खिडक्या किलकिल्या ठेवायची तिथली जुनी रीत आहे. आत भरदिवसाही दिवा लावायचा नाही आणि बोलायचं नाही, कोणी ना कोणी झोपलेलं असतंच. मी अंधारात चाचपडत हिच्या पलंगावर आजीची गोधडी अंथरली, तर वरच्या पलंगावरची मुलगी खाली वाकून हलकेच म्हणाली, असली मला पण हवी. खाली स्वयंपाकघरात स्वयंपाकाच्या बाईंनी फ्रीजमधला एक कप्पा हिरवी टेप लावून शाकाहारी मुलींसाठी वेगळा ठेवला होता. डॉर्मच्या मेसमध्ये वर्षभर चीज-पास्ता खाऊन कंटाळलेली माझी मुलगी इथे राजमा खायला लागली.

आता अडचण. विद्यापीठाचा नियम असा, की पहिली दोन वर्षं विद्यापीठाच्या डॉर्ममध्ये किंवा विद्यापीठाने मान्य केलेल्या घरातच राहायचं. सोरोरिटीचं घर मान्य यादीत होतं. जानेवारीत एका गुरुवारी संध्याकाळी पावणेपाचला ईमेल आली. चॅप्टरविरुद्ध तक्रार झाली आहे, नव्या मुलींना दिलेल्या वागणुकीबद्दल, आणि चौकशी संपेपर्यंत चॅप्टरचं कामकाज स्थगित. तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. चौकशी व्हायलाच हवी, आणि कोणा मुलीला त्रास झाला असेल तर दोषींना शिक्षाही व्हायला हवी. पण स्थगितीबरोबर घरही यादीतून गेलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली तिथेच राहू शकतात, त्यांना तो नियम लागू नाही. दुसऱ्या वर्षाच्या १९ मुलींनी मात्र १० दिवसांत डॉर्ममध्ये जायचं.

घराची मालक असलेली संस्था म्हणते, तुमचा करार मेपर्यंत आहे, घर उघडं आहे, आम्ही कोणालाही बाहेर काढलेलं नाही, पैसे परत मिळणार नाहीत. सहामाहीचे ४,९०० डॉलर आम्ही भरून बसलोय. आता डॉर्मचे वेगळे भरायचे. विद्यापीठाला फोन केला तर, तो तुमचा खासगी करार. संस्थेला फोन केला तर, तो विद्यापीठाचा नियम.

या मुलींचा यात काय दोष? कोणाच्या मुलीवर अशी वेळ आली आहे का?

देवडी

ताई, पहिल्यांदा करार बाहेर काढा आणि सही कोणाबरोबर झाली आहे ते बघा. चॅप्टर, राष्ट्रीय कार्यालय आणि हाउस कॉर्पोरेशन ही तीन वेगवेगळी खाती आहेत. माझ्या मोठ्या मुलीच्या चॅप्टरच्या हाउस कॉर्पोरेशनचा हिशोब मी दोन वर्षं तपासून देत होतो, म्हणून आतली बाजू थोडी माहीत आहे.

घर बहुधा हाउस कॉर्पोरेशनचं असतं. ही माजी विद्यार्थिनींनी चालवलेली ना-नफा संस्था. कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, विमा, छताची डागडुजी, स्वयंपाकाच्या बाईंचा आणि घरावर देखरेख करणाऱ्या हाउस डायरेक्टरचा पगार, सगळा खर्च मुलींच्या भाड्यातून निघतो. अंदाजपत्रकच सगळे पलंग भरलेले आहेत असं धरून होतं. म्हणून तर ठरावीक काळ घरात राहिलंच पाहिजे अशी सक्ती बहुतेक चॅप्टर करतात आणि बाहेर राहणाऱ्या सभासदांकडूनही घरासाठी वेगळी फी घेतात. आमच्याकडे ५४ पलंगांपैकी ६ रिकामे राहिले, त्या वर्षी बॉयलर बदलायचं काम पुढे ढकलावं लागलं होतं.

देणग्या का घेत नाहीत, असं कोणी विचारेल. करखात्याच्या लेखी हाउस कॉर्पोरेशन म्हणजे सामाजिक क्लब. त्याला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही. कॉलेजने नवं डॉर्म बांधायला पैसे मागितले तर देणाऱ्याला सवलत मिळते, सोरोरिटीच्या घरात आग विझवणारी स्प्रिंकलर यंत्रणा बसवायला मागितले तर नाही. हा फरक काढून टाकायचं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये अनेक वेळा मांडलं गेलंय.

थोडक्यात, तुम्ही ज्यांच्याशी भांडताय त्या बायकाही खिशातून पेट्रोल घालून मीटिंगला येणाऱ्या आहेत. पण म्हणून तुम्ही दुप्पट पैसे भरावेत असं मी म्हणणार नाही. ज्या कलमाने १९ मुलींना दोन्हीकडचं भाडं पडतं, ते कलम चुकीचं आहे.

पाऊलवाट

एक मनापासून विचारतो. आपल्या मुलींना याची गरज काय? डॉर्म आहे, फ्लॅट आहे. ग्रीक अक्षरांसाठी एवढा मनस्ताप कशाला?

अंगणवेल

पाऊलवाट, मीही हेच विचारलं होतं. ४५ हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात पहिल्या वर्षी ती दर रविवारी फोनवर रडायची. ऑक्टोबरमध्ये तिला फ्लू झाला तेव्हा त्या घरातल्या दोघी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि मला दर दोन तासांनी मेसेज करत होत्या. मला तेवढं कारण पुरलं.

घडवंची

आमच्या मुलीच्या कॉलेजात सोरोरिट्या आहेत पण राहायची घरंच नाहीत. तिथे सगळे सांगतात की त्या राज्यात जुना कायदा आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका एका घरात राहिल्या तर ते वेश्यागृह धरतात. हे खरं आहे का?

सळसळ

घडवंची, ही देशभर पसरलेली दंतकथा आहे. न्यू ऑर्लिन्सपासून फिलाडेल्फियाच्या उपनगरांपर्यंत प्रत्येक कॉलेजात ‘आमच्याच राज्यातला’ कायदा म्हणून सांगतात. असा कायदा आजवर कोणी दाखवलेला नाही. त्याच गावांत मुलींची डॉर्म आणि नर्सिंगची वसतिगृहं वर्षानुवर्षं उभी आहेत.

खरा अडसर असतो झोनिंगचा, म्हणजे कोणत्या वस्तीत कसली घरं चालतील याच्या नियमांचा. एका घरात नात्यात नसलेली किती माणसं राहू शकतात, हे बऱ्याच ठिकाणी गावाची पालिका ठरवते. यातला गाजलेला खटला १९७४ चा, बेल टेअर गाव विरुद्ध बोरास. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेल टेअर नावाचं छोटं गाव आहे. स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी तिथे घर भाड्याने घेतलं होतं. गावाचा नियम असा की नात्यात नसलेल्या दोघांपेक्षा जास्त माणसं एका घरात नकोत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ७ विरुद्ध २ मतांनी गाव जिंकलं. शांत वस्ती आणि कमी रहदारी राखायचा गावाला अधिकार आहे, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल बाई-पुरुष दोघांनाही सारखाच लागू आहे. सोरोरिटीचं घर हवं तर वेगळं झोन किंवा खास परवानगी लागते. ती मिळवताना पार्किंग आणि आवाज या दोन मुद्द्यांवर शेजारी हरकत घेतात आणि कॉलेज बहुतेकदा त्या भांडणात पडत नाही.

काही विद्यापीठांनी तर आपणहून मर्यादा घातली आहे. व्हँडरबिल्टमध्ये सोरोरिटीच्या घरात फक्त सहा पदाधिकारी मुली राहतात, बाकीच्या डॉर्ममध्ये. टुलेनमध्ये घरं आहेत पण ती दिवसा बसायला-भेटायला.

घडवंची

धन्यवाद. मुलीला हेच वाचून दाखवते. तीन वर्षं मी ते खरं मानत होते.

दुसरी पिढी

हाय, मी इथेच वाढले. माझं लिहिलेलं मराठी आईने तपासून दिलंय. मी २० वर्षांची असताना आमच्या घराची हाउस मॅनेजर होते, त्यामुळे अंगणवेल काकूंचा धागा वाचून राहवलं नाही.

बाहेरून वाटतं की घर विद्यापीठ चालवतं. प्रत्यक्षात नियमांच्या चार फायली असायच्या माझ्याकडे. विद्यापीठाची, राष्ट्रीय कार्यालयाची, विमा कंपनीची आणि शहराच्या अग्निशमन खात्याची. चारही एकमेकांशी जुळत नसत. विद्यापीठ म्हणायचं पाहुण्यांची नोंद ठेवा. राष्ट्रीय कार्यालय म्हणायचं पुरुष पाहुणे तळमजल्याच्या वर नकोत. विमावाले म्हणायचे मेणबत्त्या, स्पेस हीटर, लांब वायरी, काहीच नको. कोल्ड डॉर्ममध्ये फेब्रुवारीत मुली हीटर लपवून आणायच्या आणि मी, त्यांच्याच वयाची, रात्री अकराला टॉर्च घेऊन पलंगाखाली बघत फिरायची. एका मैत्रिणीचा हीटर जप्त केला तेव्हा ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मला अजून वाईट वाटतं. पण तो हीटर चादरीला टेकलेला होता.

यातलं आगीचं ओझं खरं आहे हे मला मान्य आहे. मे १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला, पदवीदानाच्याच दिवशी, एका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेच्या घराला आग लागून ५ विद्यार्थी गेले. त्या घरात स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावाने सगळ्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी घरांना ते सक्तीचे केले. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं.

मला न पटणारा नियम दारूचा. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही जुन्या सोरोरिट्यांची संघटना, १९०२ पासूनची. तिच्या सोरोरिट्यांच्या घरात दारू नाही, वय २१ असलं तरी नाही. ऐकायला आई-बाबांना छान वाटतं. पण त्यामुळे पार्ट्या मुलांच्या घरात होतात. दरवाजा त्यांच्या ताब्यात, ग्लासात काय ओतायचं ते त्यांच्या ताब्यात, वरचा मजला त्यांचा. आमच्या घरात असतं तर निदान दाराशी आम्ही उभ्या असतो. मी हे चॅप्टरच्या मीटिंगमध्ये दोन वेळा मांडलं. विम्याचा हप्ता परवडणार नाही, एवढंच उत्तर मिळालं.

आणि काकू, तुमच्या मुलीला सांगा की १० दिवस म्हणजे १० दिवस नसतात. विद्यापीठाच्या हाउसिंग ऑफिसात अपील करता येतं. तिने स्वतः जायला हवं, तुमच्या फोनवर ते बोलणार नाहीत. मुलगी १८ च्या वर आहे.

माजघर

देशी सोरोरिट्यांबद्दल कोणीच बोललं नाही. १९९८ मध्ये ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि त्याच वर्षी ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा सुरू झाली. दोन्ही दक्षिण आशियाई मुलींनी काढलेल्या. माझी भाची त्यांतल्या एकीत होती. चॅप्टर १५-२० मुलींचं, घर कुठून येणार? मग चौघी-पाचजणी मिळून एक फ्लॅट घ्यायच्या आणि सगळ्या तिथेच जमायच्या. दिवाळीचे लाडूही तिथेच वळले जायचे. अशा फ्लॅटला घराचा मान नाही. पण तिथे काही घडलं तर त्याला चॅप्टरचं घर धरून कारवाई होते. भाचीच्या मैत्रिणींना घरमालकाची नोटीस आणि विद्यापीठाचं पत्र एकाच आठवड्यात आलं होतं, गाण्याच्या आवाजावरून.

मुळात ही घरं उभी का राहिली हेही बघा. १८७०-८० च्या दशकात अमेरिकेतली विद्यापीठं मुलींना प्रवेश द्यायला लागली, पण राहायची सोय करायला तयार नव्हती. मुली गावात खोल्या शोधत फिरायच्या. सिराक्यूज विद्यापीठात १८७२ मध्ये स्थापन झालेल्या अल्फा फायने १८८६ मध्ये स्वतःचं घर बांधलं. मुलींच्या अशा संघटनांत ते पहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. म्हणजे परक्या गावात शिकणाऱ्या मुलीने राहायचं कुठे, हा प्रश्न तिथल्या मुलींना आणि आपल्या आनंदीबाईंना एकाच काळात पडलेला होता. सोरोरिट्यांनी घरं बांधली, विद्यापीठांचा डॉर्मचा खर्च वाचला. पुढे त्याच घरांवर विद्यापीठांनी हाउस मदर, म्हणजे मुलींवर लक्ष ठेवणारी बाई, आणि रात्रीच्या वेळेची बंधनं घातली. वेळेची बंधनं १९६० च्या दशकापर्यंत टिकली.

मी स्वतः पुण्यात वसतिगृहात होते तेव्हा साडेसातला फाटक बंद व्हायचं. मुलांचं रात्री दहाला. पण छप्पर गळलं तर कोणाकडे जायचं ते ठाऊक होतं, रेक्टरबाई. अंगणवेलताईंच्या मुलीला तेवढंही ठाऊक नाही, हे मला जास्त टोचलं.

ओटीवरून

मालकी नाही म्हणून हात झटकणं कोविडमध्ये सगळ्यांनी पाहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये इंडियाना विद्यापीठात ग्रीक घरांमध्ये, म्हणजे फ्रॅटर्निटी-सोरोरिटीच्या घरांत रुग्णांचं प्रमाण डॉर्मपेक्षा कितीतरी पुढे गेलं. काउंटीच्या आरोग्य खात्याने बहुतेक घरं विलगीकरणात टाकली. विद्यापीठाने घरं बंद करावीत अशी शिफारस केली. शिफारसच, कारण इमारती त्यांच्या नव्हत्या. भाड्याचे करार हाउस कॉर्पोरेशनशी होते. मुलींनी घर सोडायचं तर पैसे गेले, राहायचं तर कोविड.

उलट मालकी नसतानाही विद्यापीठाला हात घालायचा असला की तो घालता येतो. हार्वर्डने २०१६ मध्ये जाहीर केलं की फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या क्लबात जाणाऱ्यांना नेतृत्वाची पदं आणि मोठ्या शिष्यवृत्त्यांसाठी शिफारस मिळणार नाही. रोख मुलांच्या क्लबांवर होता, पण मोडल्या सोरोरिट्या. २०१८ च्या डिसेंबरमध्ये कप्पा अल्फा थीटा आणि कप्पा कप्पा गॅमा कोर्टात गेल्या. २०२० मध्ये हार्वर्डने धोरण मागे घेतलं. तोवर बऱ्याच चॅप्टरनी मुलं आणि मुली दोघांना घ्यायला सुरुवात केली होती किंवा बंद पडली होती.

सळसळ

अंगणवेल, एक कामाची गोष्ट राहिली. बहुतेक मोठ्या राज्य विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या फीमधून चालणारं कायदा सल्ला केंद्र असतं. विद्यापीठाविरुद्ध ते उभं राहत नाही. पण घरमालकाविरुद्ध राहतं, आणि तुमचं हाउस कॉर्पोरेशन हे विद्यापीठाचा भाग नाही, घरमालकच आहे. मुलीला करार घेऊन तिथे पाठवा. घरमालकाने रिकामी जागा पुन्हा भाड्याने द्यायचा वाजवी प्रयत्न करावा, असं बऱ्याच राज्यांत बंधन आहे. तुमच्या राज्यात कसं आहे ते वकील सांगतील.

देवडी

याला माझं पूर्ण अनुमोदन. शिवाय खोली आणि जेवण यांचे पैसे करारात वेगळे दाखवलेत का तेही बघा. जेवण न देता जेवणाचे पैसे घेणं हाउस कॉर्पोरेशनच्या बोर्डालाही जड जातं.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, काय झालं ते सांगायला.

लेक स्वतः हाउसिंग ऑफिसात गेली. १९ पैकी ११ जणी मिळून गेल्या. १० दिवसांचे २१ झाले, सहामाही परीक्षांच्या आठवड्यात हलावं लागलं नाही. डॉर्मचं भाडं पूर्ण सहामाहीचं न लावता राहायला गेल्या दिवसापासून लावलं. यादीत घर ठेवा ही विनंती मात्र नाकारली. घरात हाउस डायरेक्टर आहे, स्प्रिंकलर आहेत, तपासणी ऑगस्टमध्ये झाली आहे, हे सगळं मुलींनी लेखी दिलं होतं. उत्तर असं, की मान्यता इमारतीला नसते, चॅप्टरला असते. मला हे अजून समजत नाही. सुरक्षित आहे म्हणून ज्या घरात १९ वर्षांच्या मुलीला राहू दिलं, ते घर गुरुवारी पावणेपाचला असुरक्षित कसं झालं?

सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी करार दोनदा वाचला. जेवणाची रक्कम वेगळी होती, १,६०० च्या आसपास. हलल्या दिवसापासूनची ती परत देतो असं बोर्डाने लेखी दिलं. खोलीचं भाडं, बदली मुलगी आणली तरच सुटेल. बाहेर राहणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मिळाली, तिला फ्लॅटमध्ये रूममेटचा त्रास होता. तिला हिचा पलंग गेला. १९ पैकी ७ जणींना अशी बदली मिळाली आहे. बाकीच्या १२ अजून दोन्हीकडे भरताहेत. त्यातली एक स्वतः नोकरी करून शिकते. तिच्यासाठी माजी विद्यार्थिनींनी काही जमवलं आहे, पण पुरेसं नाही. कोणाला मदतनिधीचे अर्ज वगैरे माहीत असतील तर इथे लिहा, मी तिला पोचवते.

परवा शनिवारी आम्ही सामान हलवायला गेलो. स्वयंपाकाच्या बाईंनी राजम्याचा डबा बांधून दिला आणि म्हणाल्या, टेप काढत नाही मी. कोल्ड डॉर्ममध्ये गोधडी आणायला वर गेले, तर नवी मुलगी तिच्यात गुरफटून झोपली होती. लेक म्हणाली, राहू दे.

दुसरी पिढी

काकू, पुढच्या वर्षीचं काय? तिसरं वर्ष म्हणजे तिला यादीचा नियम लागणार नाही. आमच्याकडे पुढच्या ऑगस्टच्या करारावर याच महिन्यात सह्या घ्यायचे.

अंगणवेल

हो, कागद आलाय. १५ तारखेपर्यंत सही हवी आणि चौकशीचा निकाल एप्रिलअखेर. म्हणजे निकालाआधी वर्षभराचं बांधून घ्यायचं. तिला परत जायचं आहे, आणि मी अडवणार नाही. तिने बोर्डाला पत्र लिहिलंय की करारात एक ओळ घाला. विद्यापीठाच्या निर्णयामुळे राहणं अशक्य झालं तर त्या दिवसापासूनचं भाडं लागू नये. पत्रावर ३४ मुलींनी सही केली आहे. बोर्डाची मीटिंग येत्या मंगळवारी आहे, तिला पाच मिनिटं बोलायला दिली आहेत. वकीलबाईंनी ती ओळ तपासून दिली आहे. काय होतं ते बुधवारी इथे लिहिते.